ब्रूजला लेकरांना घेऊन जाताय? या चुका टाळा

बेल्जियमचं ब्रूज ब्रसेल्सहून ट्रेनने तासाभरावर, म्हणून बहुतेक जण ते एका दिवसात उरकतात. आम्हीही तेच केलं आणि दुपारी दोनला चार वर्षांच्या लेकीने भर मार्क्ट चौकात बसकण मारली. पुढच्या वेळी मुक्काम केला.

बाबागाडी छोट्या चाकांची नको. दगडी फरसबंदीवर ती अशी खडखडते की नुकतंच झोपलेलं पोर दहा पावलांत जागं होतं. मोठ्या चाकांची घ्या, तान्हं असेल तर सरळ अंगाला बांधा. स्टेशनवरून चौकात जाताना मिनेवॉटर तळ्याच्या बाजूने चाला. तिथे राजहंस दिसतात आणि मुलांची कुरकुर तेवढ्यापुरती थांबते.

सगळ्यात मोठी चूक बेल्फ्रीची. चौकातला 83 मीटरचा घंटांचा मनोरा, 366 पायऱ्या, लिफ्ट नाही. वर गोल जिना इतका अरुंद होतो की समोरून कुणी उतरू लागलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. तिथे ‘बाबा, कडेवर!’ सुरू झालं की संपलंच. बाबाने जिन्यातला आधाराचा दोर धरायचा की पोर? आम्ही पाळी लावली: एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली मुलीबरोबर घंटा ऐकत बसायचं. वर 47 घंटा आहेत, खाली सूर छान ऐकू येतात.

कालव्यांचे कठडे बुटके, काही ठिकाणी तर नाहीतच. फोटोच्या नादात हात सोडू नका. बोटीची फेरी अर्ध्या तासाची, बोट उघडी. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर रांग कमी. हिवाळ्यात मात्र बोटी बहुतेक बंदच असतात, मुलांना आधीच कबूल करून बसू नका.

शाकाहारी असाल तर फ्राइज घेताना विचारा. बेल्जियममध्ये त्या पूर्वापार गाईच्या चरबीत तळतात. तेलात तळणाऱ्या गाड्याही सापडतात.

आणि चौकातच अडकून पडू नका. गावाच्या पूर्वेला जुन्या तटबंदीच्या गवताळ उंचवट्यावर पवनचक्क्या आहेत, त्यातली एक 1770 पासून तिथेच उभी आहे. लेक त्या उतारावरून सात वेळा घरंगळत आली. बेल्फ्रीचं नाव तिला आठवतही नाही.