चवथ-नाताळच्या नको असलेल्या भेटींचं काय करावं

चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळी आणि नाताळ आटोपला की आमच्या गोव्यातल्या घरांत कपाटावर खोके साठतात. चौथा काचेच्या बाऊलचा सेट, दुसरं भिंतीवरचं घड्याळ, आपण कधीच न अंथरणार अशी चादर. ‘पुढं बघू’ म्हणून ठेवू नका. इथल्या दमट हवेत जूनपर्यंत खोक्याला बुरशी येते, चादरीवर पिवळे डाग पडतात, मग ती वस्तू कुणालाच देता येत नाही.

भेट आली त्याच दिवशी खोक्याच्या तळाला पेन्सिलीनं देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. हे फार महत्त्वाचं आहे. नणंदेनं दिलेला सेट पुढल्या चवथीला तिच्याच जावेकडे पोचला, तर दुखावलेलं मन सावरायला वर्षं लागतात. दुसऱ्याला देताना ती खूण खोडा आणि खोका पूर्ण उघडून आत शुभेच्छापत्र राहिलंय का, ते पाहा. मिक्सरसारख्या वस्तूंबरोबर वॉरंटी कार्डही द्या.

गोडधोड मात्र ठेवून देऊ नका. चवथीला लेकीच्या सासरी माहेरहून आलेलं ओझं, म्हणजे गोडाधोडाची भेट, वाड्यावरच्या शेजाऱ्यांत वाटायची आपली रीतच आहे. नेवऱ्या (करंज्या), लाडू, नाताळचा दोदोल (नारळाचा रस आणि गुळाची मऊ मिठाई), सगळं ताजं असतानाच शेजारी द्या.

चादरी-भांडी वृद्धाश्रमाला द्यायची असतील तर आधी फोन करून विचारा, त्यांना काय हवंय. अनेकदा त्यांना टॉवेल आणि साबण जास्त लागतात.