होलोग्रामचा संग्रह: आधी दिवा, मग काच

होलोग्राम, म्हणजे योग्य उजेडात काचेत त्रिमितीय प्रतिमा दाखवणारी कलाकृती, विकत घेण्यापूर्वी तो कोणत्या भिंतीवर लागणार आणि त्याच्यावर कोणता दिवा पडणार हे निश्चित करावे, असे मी प्रत्येक नव्या संग्राहकाला आग्रहाने सांगतो. तैलचित्र मंद उजेडातही चित्रच राहते. होलोग्रामला योग्य प्रकाश मिळाला नाही तर हाती केवळ काळसर काच उरते. माझा पहिला होलोग्राम सोलापुरातल्या घरी आला तेव्हा मी तो ट्यूबलाइटखाली टांगला. हिरवट धुरकटपणापलीकडे त्यात काहीच दिसेना, म्हणून माल सदोष आहे असे समजून तो परत पाठवण्याची तयारीही केली. दुसऱ्या दिवशी बांधणीसाठी तो गच्चीवर नेला, आणि सकाळच्या उन्हात काचेच्या आत शंख इतका स्पष्ट उभा राहिला की मान जराशी वळवली तरी त्याची दुसरी बाजू दिसत होती.

होलोग्राममध्ये वस्तूचे चित्र नसते. वस्तूवरून परतलेला लेसरचा प्रकाश आणि थेट आलेला लेसरचा प्रकाश एकमेकांत मिसळून ज्या अतिसूक्ष्म पट्ट्या तयार होतात, त्या पट्ट्या काचेवरच्या थरात नोंदलेल्या असतात. दिव्याचा प्रत्येक बिंदू या पट्ट्यांमधून आपापली प्रतिमा उभी करतो. त्यामुळे चार फुटांच्या ट्यूबलाइटखाली किंचित सरकलेल्या असंख्य प्रतिमा एकमेकींवर पडतात आणि सगळे पुसट होते. सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याच्या उजेडात प्रतिमा रेखीव येते. सोलापूरकराला पारखण्यासाठी याहून चांगला दिवा मिळणार नाही. मात्र ही पारख दोन-चार मिनिटांतच संपवावी, कारण सतत उन्हात राहिलेला सिल्व्हर हॅलाइडचा (प्रकाशाला संवेदनशील अशा चांदीच्या क्षारांचा) थर हळूहळू काळवंडू शकतो.

घरासाठी एकाच लहान प्रकाशबिंदूचा एलईडी स्पॉट किंवा दुधी काच नसलेला हॅलोजन घ्यावा. अनेक एलईडी असलेला दिवा घेतल्यास एका प्रतिमेच्या अनेक प्रतिमा दिसतात. लाल प्रतिमेसाठी उबदार पांढरा प्रकाश निवडावा, कारण थंड पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी असतो. विक्रेत्याला प्रकाशाचा कोन विचारणे अत्यावश्यक आहे. समजा तो पंचेचाळीस अंश वरून असा आहे, होलोग्रामचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर आहे आणि छत दहा फुटांवर आहे, तर छतातला दिवा भिंतीपासून पाच फूट पुढे यायला हवा. वायरिंग करण्यापूर्वी कोणालातरी स्टुलावर उभे करून मोबाइलचा टॉर्च त्या जागी धरायला सांगावे; प्रतिमा सर्वांत उजळ कुठे होते ते लगेच कळते.

दिवा कोणत्या बाजूला हवा हे होलोग्रामच्या प्रकारावर ठरते. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी १९४७ मध्ये या तंत्राची कल्पना मांडली आणि १९७१ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले, पण कलेसाठी ते खऱ्या अर्थाने खुले झाले ते १९६० मध्ये लेसर आल्यानंतर. सोव्हिएत शास्त्रज्ञ युरी डेनिस्युक यांच्या पद्धतीचे परावर्तन होलोग्राम, म्हणजे प्रकाश परत फेकून प्रतिमा दाखवणारे, समोरून पडलेल्या साध्या पांढऱ्या प्रकाशात दिसतात, आणि पहिल्या खरेदीसाठी मी तेच सुचवीन. अमेरिकेतले संशोधक लीथ आणि उपाटनिक्स यांच्या पद्धतीच्या पारगमन होलोग्रामला, म्हणजे प्रकाश आरपार जाऊन प्रतिमा दिसणाऱ्या प्रकाराला, मागून लेसर लागतो. स्टीफन बेंटन यांनी १९६८ मध्ये शोधलेला इंद्रधनुषी होलोग्राम मागून पांढऱ्या दिव्यावर चालतो, पण त्यासाठी भिंतीऐवजी मोकळी जागा हवी. बँकेच्या कार्डावरचा चमकता शिक्का हा याच कुळातला, धातूच्या पातळ थरावर छापलेला प्रकार होय.

होलोग्राम या नावाखाली बरेच काही विकले जाते. फिरत्या पात्यांवरचे एलईडी पंखे किंवा तिरप्या काचेत दिसणारे प्रतिबिंब म्हणजे होलोग्राम नव्हे. नख फिरवल्यावर उभ्या खाचा लागत असतील तर ते लेंटिक्युलर, म्हणजे बारीक उभ्या भिंगांच्या पट्ट्यांखालचे, छापील चित्र आहे. घेण्यापूर्वी स्थिर छायाचित्रावर विसंबू नये. दिवा जागीच ठेवून कॅमेरा डावीकडून उजवीकडे नेलेला व्हिडिओ मागवावा. कलाकाराचे नाव, वर्ष, थराचा प्रकार, प्रतीचा क्रमांक आणि प्रकाशाचा कोन हे सर्व लेखी घ्यावे. नजर तयार करण्यासाठी मार्गारेट बेनियन आणि हॅरिएट कॅसडिन-सिल्व्हर या होलोग्राम करणाऱ्या कलाकारांच्या कामाचा अभ्यास करावा. न्यूयॉर्कचे होलोग्राफी संग्रहालय १९९२ मध्ये बंद झाल्यावर त्याचा संग्रह अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या म्युझियमकडे गेला, तोही जरूर पाहावा.

आपल्या हवामानाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. थरातले जिलेटिन ओलावा शोषून फुगले की पट्ट्यांमधले अंतर वाढते आणि रंग लालीकडे सरकतो. ते सुकून आकसले की रंग निळ्याकडे जातो. वैशाखातल्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा मला त्या दिवसांत लावलेल्या कूलरची अधिक धास्ती वाटते, कारण त्याचा दमट झोत थेट काचेवर येतो. डायक्रोमेटेड जिलेटिनचे, म्हणजे डायक्रोमेट क्षाराने प्रकाशसंवेदी केलेल्या जिलेटिनचे, होलोग्राम दोन काचांमध्ये बंद केलेले असतात. कडेचा सांधा उघडला तर ओल आत शिरते आणि प्रतिमा कडेपासून पुसत जाते. म्हणून खरेदीच्या वेळी चारही कडा भिंगाखाली तपासाव्यात, आणि घरी कूलर व स्वयंपाकघर यांच्यापासून दूरची भिंत निवडावी. काच पारदर्शक असल्यास मागे गडद, बिनचमकीची पार्श्वभूमी हवी. मी प्लायवूडवर इथल्याच मागावरचे साधे काळे सुती कापड ताणून बसवले आहे आणि त्याने प्रतिमेला चांगली खोली आली आहे.

धूळ कोरड्या, मऊ कापडाने फक्त उघड्या काचेच्या बाजूने पुसावी. थराच्या बाजूला हात किंवा फवारा लावू नये. दिवाळीपूर्वी घर रंगवायला काढाल तेव्हा होलोग्राम उतरवण्याआधी दिव्याचे भिंतीपासूनचे अंतर आणि त्याची दिशा वहीत लिहून ठेवावी, कारण रंगारी दिवा सोडवून पुन्हा बसवतो तेव्हा तो सहसा पहिल्या जागी येत नाही.