नागपूरच्या हवेत बेस गिटार : खरेदी, सेटअप आणि बदल

बेस गिटार घ्यायची ठरली की बहुतेक हौशी वादकांचा सगळा वेळ ब्रँड आणि पिकअप (तारेचे कंपन टिपणारे चुंबकी भाग) यांच्या तुलनेत जातो, आणि वाद्य घरी आल्यावर ते बोटांना जड का लागते याचे उत्तर मात्र मिळत नाही. ते उत्तर बहुधा नेकचा (गिटारीच्या लांब दांडीचा) बाक, तारांची उंची आणि नटच्या (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा या तीन गोष्टींत असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, घरोघरी कूलरची ओली हवा खेळत असते आणि जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाला की हवा एकदम दमट होते. लाकडाचे वाद्य हे सगळे बदल सोसते आणि त्याप्रमाणे आपला आकारही बदलते. म्हणून ठरवलेल्या रकमेपैकी निदान पाचवा हिस्सा सेटअप (वाद्याची बारीक जुळवणी), नव्या तारा, रुंद पट्टा आणि चांगली केबल यांसाठी राखून ठेवावा आणि उरलेल्या रकमेत वाद्य शोधावे, असे मी आग्रहाने सांगतो.

आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बेस गिटारींचा वंश फेंडर कंपनीच्या दोन वाद्यांपर्यंत पोचतो : १९५१ मधला प्रिसिजन बेस आणि १९६० मधला जॅझ बेस. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपचा आवाज भरीव असतो आणि गाण्याच्या साथीत तो सहज बसतो. जॅझला दोन स्वतंत्र पिकअप असतात, नेक नटपाशी अरुंद असते आणि स्वर अधिक रेखीव येतो. दोन्ही प्रकारचे पिकअप एकत्र असलेली वाद्येही मिळतात आणि पहिल्या खरेदीसाठी ती सोयीची पडतात. नट ते ब्रिज (बॉडीवर तारा अडकवलेला भाग) हे अंतर सर्वसाधारणपणे ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर असते. लहान मुलांसाठी किंवा हाताचा पंजा लहान असणाऱ्यांसाठी ३० इंची वाद्य घ्यायला काहीही हरकत नाही. पाच तारांचा मोह पहिल्या वर्षी टाळावा.

दुकानात असो वा जुने वाद्य विकणाऱ्याच्या घरी, गिटार हातात घेतल्यावर ती आधी डोळ्यांनी तपासावी. हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ब्रिजच्या दिशेने नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाकली की बाक आणि पीळ दोन्ही दिसतात. बाक दुरुस्त होतो, पण नेकला पीळ असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ते वाद्य परत ठेवावे. नंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, फ्रेटवर) दाबून वाजवावी आणि कुठे स्वर मरतो किंवा तार खरखरते ते पाहावे. नेकच्या कडेवरून बोट फिरवताना पडद्यांची टोके टोचत असतील, तर कोरड्या हवेत फिंगरबोर्ड (पडदे बसवलेली नेकवरची फळी) आकसल्याचे ते लक्षण आहे. ती टोके कानशीने घासून घेता येतात, त्यामुळे तेवढ्यासाठी वाद्य नाकारू नये, मात्र भाव करताना ते जरूर सांगावे. ट्रस रॉडच्या (नेकच्या आतल्या, बाक कमीजास्त करणाऱ्या सळईच्या) चावी लावायच्या नटचे कोन झिजलेले नाहीत ना, याची खात्री करावी. वाद्य अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेले) असेल, तर ९ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा उघडून आत पांढरट बुरशीसारखा क्षार साचला आहे का ते पाहावे. शेवटी पट्टा लावून उभे राहावे आणि डावा हात सोडावा. हेडस्टॉक आपोआप खाली जात असेल, तर तासाभराच्या वादनानंतर खांदा दुखणार हे गृहीत धरावे.

वाद्य घरी आल्यावर पहिले काम सेटअपचे. ते कारागिराकडून करून घेता येते, पण शिकून घेतले तर दर ऋतूत उपयोगी पडते. तारा आधी सुरात लावाव्यात, कारण त्यांचा ताण असतानाचाच बाक खरा. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी, म्हणजे ती तारच सरळ पट्टीचे काम करते, आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तार व पडदा यांत किती फट राहते ते पाहावे. साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर फट योग्य समजली जाते. मोटारसायकलचे टॅपेट लावणाऱ्यांकडे असते ते फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा संच) यासाठी उत्तम, आणि ते स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. ते नसेल तर छपाईच्या साध्या कागदाच्या तीन पट्ट्या एकावर एक ठेवून फटीत सरकवाव्यात. असा एक कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे तीन पट्ट्या तार न उचलता अलगद सरकल्या, तर बाक ठीक आहे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कमी असेल तर उलट दिशेने फिरवावा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त मुळीच फिरवू नये, आणि पुन्हा मोजण्याआधी वाद्य परत सुरात लावावे. चावी अडत असेल तर जोर लावू नये.

बाक जमल्यावरच तारांची उंची पाहावी. बाराव्या पडद्यावर बारीक तारेखाली सुमारे २ आणि जाड तारेखाली २.५ मिलिमीटर अंतर नव्या वादकाला सोयीचे असते. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक पडद्यावर स्वर नेमका सुरात येणे, हे काम येते. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकणारा सरकता तुकडा) नेकपासून दूर, उतरलेला असेल तर नेककडे सरकवावे. हा क्रम मोडला तर एकच काम दोनदा करावे लागते, कारण बाक बदलला की उंची बदलते आणि उंची बदलली की सूरही हलतो.

हवेच्या बाबतीत नागपूरकरांनी कूलरकडे विशेष लक्ष द्यावे. कूलरच्या थेट झोतात ठेवलेल्या गिटारीच्या तारा लवकर गंजतात, आणि कूलर दिवसा चालू, रात्री बंद अशा चक्रात लाकूड सतत ओलावा घेत आणि सोडत राहते. गिटार झोतापासून दूर, आतल्या भिंतीला लागून, शक्यतो केसमध्ये ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ती अर्धा तासही सोडू नये. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि वाजवून झाल्यावर तारा सुती कापडाने वरून आणि खालून पुसाव्यात. वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि पाऊस स्थिरावल्यावर, बाक मोजण्याची सवय लावून घ्यावी.

आता बदलांविषयी. सर्वांत मोठा बदल सर्वांत स्वस्त असतो, तो म्हणजे तारा. राउंडवाउंड तारांचा आवाज चमकदार असतो. फ्लॅटवाउंड तारा गुळगुळीत असतात, त्यांचा स्वर गोल आणि दबका येतो, आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या साथीला तो फार शोभतो. बेसवादक जेम्स जेमरसन यांनी मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत प्रिसिजन बेसवर अशाच तारा वापरल्या. दुसरा बदल फुकट आहे : पिकअपची उंची. शेवटचा पडदा दाबून तार आणि पिकअप यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवावे. चुंबक फार जवळ आला तर तो तारेला ओढतो आणि स्वर थरथरतो. एवढे करूनही आवाज मनासारखा नसेल, तरच सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावे. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसमध्ये सहसा २५० किलोओमचे पॉट (आवाजाच्या फिरत्या बटणाखालचा भाग) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, आणि हे भाग सुट्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात अल्प किमतीत मिळतात. पॉट नुसता खरखरत असेल तर तो बदलण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पाहावा. गुणगुण फार येत असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थिंगच्या तारेला जोडावी. काहीही उघडण्याआधी वायरिंगचे छायाचित्र काढावे आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा, कारण वाद्य विकताना मूळ भागांना मोल असते.

अ‍ॅम्पच्या बाबतीत घाई नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हेडफोन अ‍ॅम्प पुरतो. सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि फोनचा स्पीकर तो ऐकवूच शकत नाही, त्यामुळे सराव चांगल्या हेडफोनवरच करावा. साध्या गिटारच्या अ‍ॅम्पमधून मोठ्या आवाजात बेस वाजवल्यास स्पीकर फाटू शकतो. अ‍ॅक्टिव्ह बेसची केबल वादन संपताच काढावी, कारण ती जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत असते.

ज्यांचा कान आपल्या संगीतावर घडला आहे, त्यांच्यासाठी बेसची रचना अतिशय सोपी आहे. कोणत्याही पडद्यावर षड्ज धरला की त्याच पडद्यावर शेजारच्या बारीक तारेवर शुद्ध मध्यम मिळतो, त्याच तारेवर दोन पडदे पुढे पंचम, आणि त्याच पडद्यावर आणखी एक तार ओलांडली की तार षड्ज. तानपुऱ्याचे अ‍ॅप लावून सा, प आणि वरचा सा एवढेच वीस मिनिटे संथपणे वाजवावे. प्रत्येक स्वर किती काळ टिकवायचा आणि नेमका कुठे थांबवायचा हे त्यातून जितके कळते, तितके वेगवान धड्यांतून कळत नाही.

पुढे वसंतराव देशपांडे सभागृहात ऑर्केस्ट्रात बसण्याची किंवा गणपतीच्या मांडवात साथ करण्याची वेळ येईल, तेव्हा स्वतःचा डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) आणि मल्टीमीटर सोबत न्यावा. मांडवात जनरेटर असला की अर्थिंगचा भरवसा नसतो. एका हाताखाली तारा आणि ओठांजवळ माइक अशा स्थितीत बसणारा झटका जीवघेणा ठरू शकतो. म्हणून मल्टीमीटर एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या पल्ल्यावर ठेवून एक टोक ब्रिजला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावावे. काही व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर आयोजकांना सांगून जोडणी दुरुस्त होईपर्यंत वाजवायला बसू नये.