कबुतर हात बघून पळतंय? आधी दाण्याची वाटी काढून घ्या

पिंजऱ्यात वाटी दिवसभर भरलेली असेल तर कबुतराला तुमच्याकडे यायची गरजच काय, माझंही हेच चुकत होतं.

१) दाणे सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळीच द्या, खाऊन झालं की पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचला. पाणी मात्र कायम आत.

२) सकाळचे दाणे द्यायच्या आधी, पोट रिकामं असताना, तळहातावर करडईचे दाणे किंवा कच्च्या बिनमिठाच्या शेंगदाण्याचे बारीक तुकडे घेऊन जमिनीवर बसा, उभं नाही, आणि हात खालून, कबुतराच्या छातीच्या पातळीवर, हलवायचा नाही. वरून आलेला हात म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारा ससाणाच. डोळ्यात रोखून बघू नका, मोबाईल बघत बसलात तरी चालेल, उलट बरंच.

३) सुरुवातीला नाहीच येणार. मग दाणे हातापासून वीतभर लांब टाका, रोज थोडे जवळ आणा. हातावर चढलं तरी लगेच कुरवाळायला जायचं नाही, इथेच सगळे घाई करतात आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

औषधासाठी पकडायचंच असेल तर अंधार पडल्यावर लाईट बंद करून हळूच उचला, त्यांना अंधारात फारसं दिसत नाही त्यामुळे पाठलाग आणि फडफड दोन्ही वाचतं.

फक्त एक, मुद्दाम उपाशी ठेवू नका. हातातलं नाही खाल्लं तरी नेहमीचे दाणे वेळेवर द्यायचेच, आणि जोडी अंड्यांवर बसलेली असेल किंवा पिल्लं असतील तर हा प्रकार तेवढे दिवस बंद.