इन्फ्रारेड कॅमेऱ्याला कमांड देताना या चुका टाळा

कॉलेजच्या गच्चीवर आठ इंची दुर्बीण, मागे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा म्हणजे इनगॅस सेन्सरचा कॅमेरा आणि लॅपटॉपवर इंडी हे उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर. एवढ्या सामानावर जे आणि एच या इन्फ्रारेड पट्ट्यांत ताऱ्यांच्या तेजाच्या मोजमापाचं काम नीट होतं. बिघडतं ते बहुतेक वेळा घाईमुळे. साध्या कॅमेऱ्यावर हात बसलेली मुलं आकाश काळं धरून चालतात. एच पट्ट्यात ते काळं नसतंच. साधारण ८७ किलोमीटर उंचीवरचे हायड्रॉक्सिल रेणू रात्रभर चमकत असतात आणि ही चमक दहा-पंधरा मिनिटांत बदलते. फ्रेममध्ये ताऱ्यापेक्षा आकाशाचाच प्रकाश जास्त भरतो.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिकाम्या आकाशाच्या फ्रेम न घेणं. एका गटानं जानेवारीत मृगातला तेजोमेघ, एम ४२, घ्यायला घेतला. १५ मायक्रॉनचे पिक्सेल आणि दोन मीटर फोकल लांबी, म्हणजे एका पिक्सेलला दीड आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ६४० बाय ५१२ च्या सेन्सरवर जेमतेम १६ बाय १३ आर्कमिनिटांचं क्षेत्र मावतं. तेजोमेघ पसरलाय अंशभर. मुलांनी ३० आर्कसेकंदांचे ऑफसेट देत, म्हणजे दर वेळी दुर्बीण तेवढी सरकवत वीस फ्रेम घेतल्या, त्यांच्याच मीडियनमधून (प्रत्येक पिक्सेलच्या मधल्या किमतीतून) आकाश काढलं आणि ते प्रत्येक फ्रेममधून वजा केलं. हाती आलं ते असं: तेजोमेघ गायब, ताऱ्यांभोवती काळे खड्डे. मग संशय कॅमेऱ्यावर. केबल बदलली, ड्रायव्हर नव्यानं टाकला, फ्लॅट (सारख्या उजेडाच्या फ्रेम) पुन्हा घेतले. कॅमेरा ठणठणीत होता. ३० आर्कसेकंद म्हणजे वीस पिक्सेल. तेवढं सरकून तेजोमेघ क्षेत्राबाहेर जात नाही, त्यामुळे तो ‘आकाश’ म्हणून मीडियनमध्ये बसला आणि स्वतःतूनच वजा झाला. बाजूच्या आकाशाची एकही फ्रेम नव्हती, त्यामुळे ती रात्र नंतर दुरुस्त करता आली नाही.

विरळ क्षेत्रातल्या सुट्या ताऱ्यांना छोटे ऑफसेट पुरतात. पसरट वस्तूला पुरत नाहीत. एम ४२ असेल तर दुर्बीण पूर्वेला किंवा पश्चिमेला दीड अंश न्यायची. उत्तरेला नको, तिकडे दुसरा तेजोमेघ आहे. क्रम वस्तू, आकाश, आकाश, वस्तू असा ठेवायचा आणि एक फेरी पाच-सहा मिनिटांत संपवायची. आकाशाच्या फ्रेमनाही आपसात ऑफसेट द्यायचे, म्हणजे त्यांतले तारे मीडियनमध्ये गळून पडतात. ‘आकाशात निम्मा वेळ वाया जातो’ ही तक्रार नवशिके हमखास करतात. तो वेळ वाया जात नाही, मोजमापाचा निम्मा भाग तिथंच होतो.

दुसरी चूक स्क्रिप्टमधली. फिल्टर चक्राला कमांड द्यायची, खाली ‘स्लीप ५’ लिहायचं आणि लगेच एक्सपोजर सुरू करायचं. डिसेंबरात परभणीकडच्या थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि पाच सेकंदांत फिरणारं चक्र आठ सेकंद घेतं. फ्रेमचा एक कोपरा अंधारा येतो, फाइलच्या हेडरमध्ये (माहितीच्या नोंदीत) मात्र फिल्टर बरोबर लिहिलेला असतो. इंडीमध्ये प्रत्येक प्रॉपर्टीची स्थिती कळते: आयडल, ओके, बिझी, अलर्ट. बिझी असेपर्यंत पुढची कमांड पाठवू नका. ओके आल्यावर चक्राचा क्रमांक परत वाचा, मगच एक्सपोज. अलर्ट आला तर स्क्रिप्ट तिथंच थांबली पाहिजे. दुर्बिणीच्या ऑफसेटलाही हेच, आणि वर तीन सेकंद कंप शमायला. ठरावीक सेकंदांची स्लीप हा अंदाज आहे, तिच्यावर रात्र सोडू नका.

हॉस्टेलवरून मोबाइलच्या नेटनं लॉगइन करणाऱ्यांनी स्क्रिप्ट नेहमी टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) चालवावी. उघड्या एसएसएच खिडकीत चालवली की रेंज जाताच स्क्रिप्ट मरते आणि दुर्बीण शेवटच्या ऑफसेटवर उभी राहते.

उन्हाळ्यात सेन्सर थंड ठेवणाऱ्या कूलरचं गणित आधी करा. कूलर बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली नेतो. एप्रिलमध्ये रात्री नऊला तापलेल्या स्लॅबवर ३५ अंश असतात. ४० अंशांची क्षमता असलेला कूलर उणे ५ वर दमतो. त्याला उणे २० ची कमांड दिली की तो १०० टक्क्यांवर अडकतो आणि सेन्सरचं तापमान हवेबरोबर हलत राहतं. इनगॅसचा डार्क करंट (अंधारातही सेन्सरमध्ये साठणारा सिग्नल) दर सात-दहा अंशांना दुप्पट होतो, म्हणजे संध्याकाळचे डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) मध्यरात्री लागू पडत नाहीत. कूलर ८० टक्क्यांच्या आत स्थिर राहील असंच तापमान निवडा. आकडा शून्य आला तरी चालेल. डार्क त्याच तापमानाचे, त्याच एक्सपोजरचे, त्याच गेनचे (सिग्नल वाढवण्याच्या त्याच प्रमाणाचे). लाईट गेली तर कूलर झटक्यात बंद पडू नये म्हणून कॅमेऱ्याला १२ व्होल्टची वेगळी बॅटरी द्या.

ऑटो गेन आणि आपोआप होणारं नॉन-युनिफॉर्मिटी करेक्शन (पिक्सेलांमधल्या फरकाची दुरुस्ती) रात्रीच्या सुरुवातीलाच बंद करा. कॅमेरा रीस्टार्ट झाला की पुन्हा तपासा.

हायगेनवर वेल (पिक्सेलची सिग्नल साठवण्याची जागा) लवकर भरते. ताऱ्याआधी रिकाम्या आकाशाची चाचणी फ्रेम घ्या. मीडियन निम्म्या पातळीच्या वर गेला तर एक्सपोजर कमी करा. ६० सेकंदांच्या एका फ्रेमऐवजी ५ सेकंदांच्या १२. मात्र या बाराची बेरीज झाल्यावर हेडरमध्ये ५ लिहिलंय की ६०, हे पाहा. गल्लत झाली तर दृश्यप्रत (ताऱ्याच्या तेजाचं माप) २.७ नं चुकते.

के फिल्टर लावू नका. इनगॅस १.७ मायक्रॉनला थांबतो, के पट्टा २ च्या पुढे सुरू होतो. थंड केल्यावर ही मर्यादा आणखी अलीकडे येते आणि एच पट्ट्याचं टोक कापलं जातं. त्यामुळे टू-मास या इन्फ्रारेड आकाश-सर्वेक्षणाच्या दृश्यप्रतींशी जुळवताना रंगाची दुरुस्ती ठेवावी लागते. तुलनेचे तारे तिथूनच घ्या, जवळपास प्रत्येक क्षेत्रात मिळतात.

लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर आणि हेडरमध्ये यूटीसीचं लेबल, हा घोळ लघुग्रहाच्या मोजणीत साडेपाच तासांचा फरक पाडतो. संध्याकाळपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख एकच राहते. पहिल्या फ्रेमच्या हेडरमधून साडेपाच तासांचा हिशोब हातानं जुळवून पाहा.

शेवटी कूलर एकदम बंद करू नका. दर दोन-तीन मिनिटांना ५ अंश असं वर आणा, हवेच्या तापमानाला आल्यावर वीज तोडा. कच्च्या फ्रेम, आकाशाच्या आणि डार्कच्या सकट, दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय लॅपटॉप मिटू नका.