डीएलएल फोल्डरमध्ये होती, तरी ४०४ येत होता

उदगीरहून संभाजीनगरला पहिल्या नोकरीला आलो आणि हातात पडलं लातूरच्या एका आडतीवरच्या वजनकाट्याचं काम. काट्याजवळच्या मशीनवर आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) टाकायचं नव्हतं, म्हणून वेब एपीआय २ (वेब रिक्वेस्टना उत्तर देणारी डॉटनेटची चौकट) विंडोज सर्व्हिसमध्ये सेल्फ-होस्ट केलेलं, म्हणजे आमच्याच प्रोग्रॅममधून चालवलेलं. कंट्रोलर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारा क्लास, वेगळ्या क्लास लायब्ररीत, म्हणजे वेगळ्या डीएलएल फाइलमध्ये. माझ्या लॅपटॉपवर आयआयएस एक्सप्रेसवर सगळं चालायचं. काट्यावर मात्र प्रत्येक रिक्वेस्टला ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

चार दिवस मी राउट (कुठला पत्ता कुठल्या कंट्रोलरकडे जाईल तो नियम) बदलत बसलो. ते तुम्ही करू नका. आधी त्याच मशीनच्या ब्राउझरवरून कॉल करा, कारण एररचा तपशील डीफॉल्टने लोकल रिक्वेस्टलाच दिसतो. मी ऑफिसातून बघत होतो, म्हणून मला तो दिसलाच नाही. 'नो राउट डेटा' असेल तर राउट तपासा. 'नो टाइप वॉज फाउंड' असेल तर राउट जुळलाय, कंट्रोलर सापडत नाही.

माझा कंट्रोलर का सापडत नव्हता, हे नीट समजून घ्या. सेल्फ-होस्टमध्ये वेब एपीआय फोल्डर धुंडाळत नाही, प्रोसेसमध्ये आधीच लोड झालेल्या असेंब्ल्याच (डीएलएल किंवा एक्झी) बघतं. डॉटनेट तर गरज पडल्याशिवाय असेंब्ली लोड करत नाही. तुम्ही प्रोजेक्टला रिफरन्स दिलात, पण कोडमध्ये लायब्ररीतला एकही टाइप (क्लास वगैरे) वापरला नाहीत, तर कंपायलर त्या रिफरन्सची नोंदही एक्झीमध्ये ठेवत नाही. डीएलएल शेजारी पडून राहते, तिला कुणी हाक मारत नाही. आयआयएसवर बिन फोल्डरमधल्या असेंब्ल्या सुरुवातीलाच लोड होतात, म्हणून तिथे हा दोष लपतो.

उपाय असा: डीफॉल्टअसेंब्लीजरिझॉल्व्हरवरून स्वतःचा क्लास काढा, गेटअसेंब्लीजमध्ये मूळ यादी घ्या आणि आपली असेंब्ली त्यात नसेल तरच घाला. दोनदा गेली की एकाच नावाचे दोन कंट्रोलर दिसतात आणि नवीनच एरर येते. सर्व्हर सुरू करण्याआधी सर्व्हिसेस रिप्लेस करून हा क्लास लावा.

कंट्रोलर उचलून मुख्य प्रोजेक्टमध्ये टाकायचा सल्ला मलाही मिळाला होता. माझ्या मते तो घेऊ नये. दुसरं गिऱ्हाईक आलं की तेच कोडं पुन्हा समोर. आणि जो सीनियर आपला कीबोर्ड ओढून घेऊन दुरुस्त करतो, त्याच्याकडून काही शिकायला मिळत नाही. मला शिकवलं ते एका दादांनी, "लोड झालेल्या असेंब्ल्यांची नावं छाप, मग बोलू," एवढंच म्हणून. यादी छापली, आमच्या लायब्ररीचं नाव त्यात नव्हतं.

क्लास पब्लिक आहे का, नावाच्या शेवटी 'कंट्रोलर' आहे का, हेही बघून घ्या. एएसपी डॉटनेट कोअरवर असाल तर रिफरन्स दिलेली लायब्ररी बहुतेक वेळा आपोआप सापडते; रनटाइमला प्लगइन म्हणून लोड केलेली असेल तर ती ॲडॲप्लिकेशनपार्टसारख्या मार्गाने स्वतः जोडावी लागते.

चार दिवस गेले म्हणून आपल्याला हे काम जमणार नाही, असं मनात आणू नका. माझ्या मनात आलं होतं, रात्रीच्या गाडीने उदगीरला परत जायचं ठरवलंही होतं. पाचव्या दिवशी दुपारी काट्यावरून तुरीच्या पहिल्या गाडीचं वजन आलं.