फिस्टुलाची शीर अरुंद झाल्यास औषधी बलूनचा उपचार: रुग्णाने काय पाहावे, काय विचारावे

हाताची धमनी शिरेला जोडून डायलिसिससाठी फिस्टुला तयार करण्याची पद्धत १९६६ सालापासून रूढ आहे आणि आजही तोच सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो. मात्र धमनीचा दाब सोसण्यासाठी शीर घडलेली नसते. त्या दाबाने आणि वारंवार टोचल्या जाणाऱ्या सुयांनी शिरेच्या आतील अस्तरातील पेशी वाढू लागतात, अस्तर जाड होते आणि रक्ताची वाट अरुंद होते. मनगटाजवळच्या जोडाला लागून असलेला भाग आणि खांद्याजवळचे शिरेचे वळण या दोन जागा त्यासाठी विशेष कुप्रसिद्ध आहेत.

अडथळा मशीनच्या आधी रुग्णाच्याच बोटांना कळू शकतो. रोज सकाळी जोडावर बोटे हलकेच टेकवावीत; मांजराच्या गुरगुरण्यासारखी मऊ, अखंड थरथर लागली तर फिस्टुला ठीक चालला आहे असे समजावे. थरथरीऐवजी नाडीसारखे टणक ठोके लागत असतील तर पुढे कुठेतरी वाट अडली असण्याची शक्यता असते. हात डोक्याच्या वर उचलल्यावर फुगलेली शीर बसायला हवी; एका जागेपर्यंत ती फुगलेलीच राहिली, तर अडथळा बहुधा त्याच जागी असतो. डायलिसिसच्या वेळी व्हीनस प्रेशर (रक्त शिरेत परत जाताना मशीनवर दिसणारा दाब) आठवड्यागणिक वाढणे, सुई काढल्यावर रक्त नेहमीपेक्षा उशिरा थांबणे आणि हाताला सूज येणे ही लक्षणेही टेक्निशियनकडून नोंदवून घ्यावीत. थरथर पूर्णपणे नाहीशी झाली असेल तर मात्र पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

केवळ सोनोग्राफीत शीर अरुंद दिसते म्हणून अँजिओप्लास्टी, म्हणजे शिरेत बलून फुगवून वाट रुंद करण्याची प्रक्रिया, करू नये, असे मूत्रपिंडविकारांवरील २०१९ च्या अमेरिकी ‘केडोकी’ मार्गदर्शक सूचनांचे सांगणे आहे. त्यामुळे ‘माझ्या कोणत्या लक्षणासाठी ही प्रक्रिया करत आहात?’ हा प्रश्न डॉक्टरांना आधी विचारावा.

प्रक्रिया कॅथलॅबमध्ये (एक्स-रेच्या पडद्यावर पाहत रक्तवाहिन्यांवर उपचार करण्याच्या खोलीत), बहुतेक वेळा केवळ ती जागा बधिर करून केली जाते. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे: औषधी बलून शीर उघडण्यासाठी नसतो. आधी साधा, जास्त दाब सहन करणारा बलून अरुंद जागी फुगवतात. पडद्यावर बलूनच्या मध्यभागी कंबरेसारखी खाच दिसते. ती नाहीशी होऊन शिल्लक अरुंदपणा ३० टक्क्यांच्या आत आल्यावरच औषधी बलून आत जातो. त्यावर पॅक्लिटॅक्सेल हे पेशींची वाढ रोखणारे, कर्करोगातही वापरले जाणारे औषध लावलेले असते. ते रक्तात धुऊन जाऊ नये म्हणून बलून झटपट योग्य जागी नेऊन साधारण तीन मिनिटे फुगवून ठेवतात. बलून अरुंद भागाच्या दोन्ही टोकांपलीकडे सुमारे एक सेंटीमीटर पोहोचेल इतका लांब घेतात. फुगवताना हात चांगलाच दुखू शकतो, तरीही तो हलवू नये. पहिली पायरी नीट झाली नसेल, तर महागडा बलून वापरूनही फारसे काही हाती लागत नाही.

लाभाविषयीचा पुरावा एकमुखी नाही. अमेरिका, जपान व न्यूझीलंडमधील ३३० रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी उपचार केलेली जागा औषधी बलूनच्या गटात ८२.२ टक्के, तर साध्या बलूनच्या गटात ५९.५ टक्के रुग्णांमध्ये खुली राहिली. ब्रिटनमधील २१२ रुग्णांच्या चाचणीत मात्र असा फरक आढळला नाही. पायांच्या धमन्यांमध्ये या औषधाने मृत्यू वाढतात की काय, ही २०१८ मध्ये उपस्थित झालेली शंका उपलब्ध माहितीवरून सिद्ध होत नाही, असे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्याच वेळी साधा बलून पुरेसा ठरू शकतो. तीच जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद झाली, तर औषधी बलूनचा विचार जरूर व्हावा.

गर्भारपण, स्तनपान किंवा अपत्याचा विचार असल्यास, पुरुषांनीसुद्धा, डॉक्टरांना आधी कळवावे. एक्स-रेत शीर दिसावी म्हणून टोचल्या जाणाऱ्या रंगद्रव्याची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हातावरचा जंतुसंसर्ग आणि अजून लघवी होत असल्यास तिचे प्रमाण, हेही सांगावे. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार घेत असाल, तर बलूनचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातील योजनेच्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

प्रक्रियेनंतर घातलेला टाका केव्हा काढायचा हे विचारावे आणि घरी निघण्यापूर्वी थरथर स्वतः तपासावी. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगड्या वा घड्याळ घालू नये आणि त्या कुशीवर झोपू नये. टाक्यातून रक्त आले तर बोटाने दाबून हात वर धरावा. न थांबल्यास, किंवा ताप आणि लाली दिसल्यास, तातडीने रुग्णालयात जावे. अरुंद जागा, बलूनचा व्यास आणि तारीख या तीन नोंदी डिस्चार्ज कार्डावर आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तरी त्यांना नेमकी हीच माहिती लागते.